पावती, परवाना, प्रमाणपत्र : लोटगाडीवरच्या माणसाचा हक्क



आजचा विषय तुमच्या-आमच्या रोजच्या वाटेवरचा आहे. जळगावात सकाळी फुले मार्केटकडे किंवा सुभाष चौकाकडे निघा, धुळ्यात पाचकंदीलला नाहीतर आग्रा रोडला जा. लोटगाडीवर पोह्यांची परात वाफाळत असते, शेजारच्या कढईत भजी सुटत असतात, पलीकडे कचोरी. आपण खातो, पैसे देतो, निघतो. त्या माणसाला तिथं उभं राहण्याचा हक्क आहे का, आणि असेल तर तो त्याला कुणी दिला, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. आज आपण तेवढंच विचारणार आहोत.

सुरुवात एका प्रसंगानं करतो. गावाचं नाव सांगत नाही. खानदेशातलं एक तालुक्याचं गाव समजा. तिथं एक अक्का पंधरा-सोळा वर्षं पोहे-भज्यांची गाडी लावायच्या. आमचं तिथं जाणं-येणं होतं, त्यामुळे ओळख. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास अतिक्रमणाची गाडी आली आणि त्यांची लोटगाडी, शेगडी, भज्यांच्या पिठाचं पातेलं, सगळं उचलून घेऊन गेली. अक्का आमच्याकडे आल्या त्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊनच. डब्यात पावत्या. रोज सकाळी वसुलीचा माणूस येऊन फाडून देतो ना, त्या. रबर लावून, वर्षवार गठ्ठे केलेल्या. म्हणाल्या, “सर, पावती शे ना मन्हाजोडे!”

आम्ही त्यांच्याबरोबर कार्यालयात गेलो. तिथल्या गृहस्थांनी डबा पाहिला आणि शांतपणे सांगितलं, “पावती म्हणजे परवाना नव्हे.” कायद्याच्या दृष्टीनं ते चूक बोलत नव्हते. पण अक्कांचा प्रश्नही चूक नव्हता. सकाळी आठ वाजता जी संस्था माझ्याकडून जागेचे पैसे घेते, तीच दहा वाजता मला ‘तू इथं बेकायदा आहेस’ असं कसं म्हणते? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही व्याघात शिकवायचो, एकच गोष्ट आहे आणि नाहीही. तो इथं पत्र्याच्या डब्यात भरून ठेवलेला होता.

या व्याघाताला इतिहास आहे. तो पावती, परवाना आणि प्रमाणपत्र या तीन शब्दांत सांगता येतो.

आधी मागे जाऊ. बाजारावर राज्यानं लक्ष ठेवावं ही कल्पना आपल्याकडे फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पण्याध्यक्ष आहे, वजनमापं तपासणारा पौतवाध्यक्ष आहे, बाजार पाहणारा संस्थाध्यक्ष आहे. मराठी मुलखात नवी पेठ वसवायची तर सरकार कौल देत असे. येणाऱ्या व्यापाऱ्यांना काही वर्षं करात सूट मिळे आणि पेठेचा कारभार शेटे-महाजन पाहत. म्हणजे बाजार बसावा म्हणून राज्य माणसांना बोलावत होतं. विक्रेता हा हवासा माणूस होता.

पण म्हणून जुना काळ फार गोड होता असं समजू नका. कुणी काय विकायचं हे पुष्कळदा जातीनं ठरे. आणि शिजवलेलं अन्न? कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या हातचं नाही, हा तर आपल्या समाजाचा सगळ्यात घट्ट नियम. आठवडे बाजारात धान्य, भाजी, फुटाणे, गूळ मिळे. पण ओळख ना पाळख, अशा कुणाच्याही हातचं गरम अन्न कुणीही उभ्या उभ्या खावं, ही मोकळीक बऱ्याच अंशी रेल्वे, गिरणी आणि शहर यांनी दिली. जळगाव रेल्वेवर आलं, कापसाचा व्यापार वाढला, जिनिंग-प्रेसिंग आलं, कापडगिरणी आली. पाळी सुटलेल्या कामगाराला घरी जाऊन चूल पेटवायला वेळ नव्हता. त्याची भूक ज्यानं भागवली, तो रस्त्यावरचा खाद्यविक्रेता. आपल्या शहरांचा तो पहिल्यापासूनचा सोबती आहे. मागाहून घुसलेला नाही.

आता त्याच काळात दुसरीकडे काय घडत होतं ते बघा. धुळ्याची नगरपालिका १८६२ची, जळगावची १८६४ची. धुळे तर कॅप्टन ब्रिग्जनं १८१९च्या सुमारास आखून वसवलेलं. सरळ रस्ते आणि काटकोनातल्या गल्ल्या आजही आकड्यांनी ओळखल्या जातात. पालिका आली म्हणजे रस्त्याला मालक आला. इंग्रजी कायद्यात सार्वजनिक रस्ता म्हणजे येण्याजाण्याची जागा. तिथं थांबणं हा अपवाद. आपल्याकडे रस्ता आणि बाजार यांच्यात भिंत नव्हतीच, चौक म्हणजेच बाजार. या दोन समजुतींची टक्कर तिथं सुरू झाली.

तिचे कागदोपत्री पुरावे आहेत. १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम २८३ आलं : सार्वजनिक वाटेत अडथळा केला तर दोनशे रुपयांपर्यंत दंड. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्याच्या चौकटीत फेरीवाल्याला परवान्याची अट आहे, आणि परवाना नसेल तर माल उचलण्याचा अधिकार आयुक्ताला आहे. पुढे १९४९चा प्रांतिक महानगरपालिका कायदा आला. जळगाव आणि धुळे २००३ साली महानगरपालिका झाल्या आणि हा कायदा त्यांना लागू झाला. त्याचं कलम २३१ सांगतं की रस्त्यात मांडलेली वस्तू आयुक्ताला नोटीस न देता हटवता येते. ‘नोटीस न देता’ हे शब्द ध्यानात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

इथं परवाना हा दुसरा शब्द आला. परवाना म्हणजे मूळ मनाई आणि त्यातून दिलेली सूट. आधी ‘कुणीही विकू नये’ असं म्हणायचं आणि मग ‘बरं, तू विक’ असं सांगायचं. यात विक्रेत्याकडे स्वतःचं असं काही नसतं. जे आहे ते देणाऱ्याच्या मर्जीचं. आणि मर्जी थांबली की? मुंबईत १९७८ नंतर नवे परवाने देणंच जवळजवळ बंद झालं. शहर वाढत राहिलं, भूक वाढत राहिली, गाड्या वाढत राहिल्या. परवानाधारक सुमारे १५ हजारांवर अडकले आणि १९९८च्या एका पाहणीत महापालिकेच्या जागांवर एक लाखाहून अधिक फेरीवाले मोजले गेले. मग मधल्या माणसांचं काय करायचं? १९८८ साली मुंबईत पावतीची पद्धत आली. नाव मोठं गमतीचं : अनधिकृत वापर आणि कचरा उचलणं यांचं शुल्क. म्हणजे पावतीवरच लिहिलेलं की तू अनधिकृत आहेस, आणि पैसे घेतलेले. अक्कांच्या डब्यातला व्याघात एकट्या खानदेशचा नाही, तो असा राजधानीत छापून निघालेला आहे.

आता न्यायालयाकडे वळू. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाचे मुंबईसंबंधी दोन निकाल आले. ऑल्गा टेलिस खटल्यात, पदपथावर राहणाऱ्यांच्या प्रकरणात, न्यायालय म्हणालं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. त्याच सुमारास बॉम्बे हॉकर्स युनियनच्या खटल्यात सांगितलं की लोकांची गैरसोय होईल अशा तऱ्हेनं धंदा करण्याचा हक्क कुणाला नाही. पण पालिकेनं फेरीवाल्यांचे विभाग आखावेत. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं आखलं.

खरं वळण १९८९चं. दिल्लीच्या जनपथ भागात तयार कपडे विकणाऱ्या सोदान सिंग नावाच्या माणसाचा खटला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला. रस्ता फक्त ये-जा करण्यासाठी असतो, हे म्हणणं न्यायालयानं तेवढ्यावर मान्य केलं नाही. पदपथावर विक्री करणं हे घटनेच्या कलम १९ मधल्या व्यवसायस्वातंत्र्यात बसतं, असं पीठानं सांगितलं. कारणही साधं दिलं : दिवसभर काम करून घाईनं घरी निघालेल्या सामान्य माणसाला वाटेत, कमी दरात, गरजेची वस्तू मिळते, ही समाजाची सोय आहे. मात्र दोन मर्यादा घातल्या. हा हक्क वाजवी निर्बंधांच्या अधीन आहे. आणि अमुक एक जागा माझीच, असा हक्क कुणाला नाही.

थोडं थांबून या निकालाचा अर्थ बघू. हक्क मान्य झाला म्हणजे परवान्याची कल्पना उलटी झाली. पूर्वी मनाई मूळ होती आणि सूट अपवाद. आता स्वातंत्र्य मूळ आणि निर्बंध अपवाद. पूर्वी विक्रेत्यानं विचारायचं, ‘मी बसू का?’ आता पालिकेनं सांगायचं, ‘तू इथं का बसू नयेस.’ सिद्ध करण्याचा भार एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर गेला. तत्त्वज्ञानात याला फार महत्त्व असतं.

पण निकालातलं तत्त्व रस्त्यावर उतरायला पंचवीस वर्षं लागली. अहमदाबादच्या माणेकचौकातल्या भाजीवाल्या बायका ‘सेवा’ संघटनेबरोबर दोन टोपल्यांपुरती जागा मागत लढल्या. २००४ साली राष्ट्रीय धोरण आलं, २००९ साली ते सुधारलं. धोरण म्हणजे सदिच्छा. मोडलं तर दाद कुठे मागायची? २०१० साली गेंदा राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सुनावलं की मूलभूत हक्क असा लोंबकळत ठेवता येणार नाही, ३० जून २०११ पर्यंत कायदा करा. ती तारीख टळली. २०१३च्या सप्टेंबरात मुंबईच्याच एका फेरीवाला संघटनेच्या प्रकरणात न्यायालयानं सांगितलं की कायदा होईपर्यंत धोरण देशभर अमलात आणा. अखेर संसदेनं पथविक्रेत्यांचा कायदा केला. राष्ट्रपतींची सही ४ मार्च २०१४ची, अंमल १ मे २०१४ पासून.

तिसरा शब्द, प्रमाणपत्र, या कायद्यातून आला. कायद्याचं नावच सांगतं : आधी ‘उपजीविका संरक्षण’, मग ‘विनियमन’. क्रम महत्त्वाचा आहे. यातली चार-पाच कलमं आपण सगळ्यांनी पाठ करावीत अशी आहेत.

कलम ३ म्हणतं, नगर पथविक्रेता समितीनं आधी सर्व विक्रेत्यांचं सर्वेक्षण करावं आणि दर पाच वर्षांनी निदान एकदा पुन्हा करावं. सर्वेक्षणात सापडलेल्या सगळ्यांना सामावून घ्यायचं, मर्यादा लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांची. २०११च्या जनगणनेत जळगाव शहर सुमारे ४ लाख ६० हजारांचं, म्हणजे साडेअकरा हजार विक्रेते. धुळं सुमारे पावणेचार लाखांचं, म्हणजे नऊ हजारांच्या वर. एवढी माणसं शहरात असणं कायद्याला मान्य आहे. आणि त्याच कलमातलं तिसरं वाक्य सगळ्यात मोलाचं : हे सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हटवता येणार नाही. आधी मोजा, मग हलवा.

कलम १८ : हलवायचं झालं तरी तीस दिवसांची नोटीस. मघाचं ‘नोटीस न देता’ आठवा. कलम १९ : माल जप्त केला तर यादी करून सहीची प्रत द्यायची, विक्रेत्यानं मागणी केल्यावर न टिकणारा माल त्याच दिवशी परत, इतर माल कामाच्या दोन दिवसांत. कलम २० : तक्रारीसाठी माजी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती. कलम २२ : नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. परिशिष्टात आणखी एक सुंदर गोष्ट आहे. जिथं पन्नास वर्षांहून अधिक काळ बाजार भरतो, त्या जागेला वारसा बाजार म्हणायचं आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. आपल्या दोन्ही शहरांत आजोबांपासून नातवापर्यंत एकाच कोपऱ्यावर चालत आलेल्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

कायदा एकतर्फी नाही. प्रमाणपत्र मिळवणाऱ्याला दुसरं उपजीविकेचं साधन नसावं, धंदा त्यानं स्वतः किंवा घरच्यांनी करावा, जागा भाड्यानं देऊ नये. दहा गाड्या लावून भाडं खाणारा ‘विक्रेता’ या कायद्याला अभिप्रेत नाही. मात्र विक्रेता वारला किंवा कायमचा अपंग झाला, तर त्याच्या जागी आधी जोडीदाराला आणि मग अवलंबून असलेल्या मुलाला बसता येतं. विधवेला उद्या सकाळी गाडी लावता येईल की नाही, हे त्या एका ओळीवर ठरतं.

खाद्यविक्रेत्याला याशिवाय दुसरा कायदा सांभाळावा लागतो, २००६चा अन्नसुरक्षा कायदा. तो २०११ पासून लागू आहे. इथं एक भेद बारकाईनं समजून घ्या. लहान विक्रेत्याला परवान्याची गरज नाही, त्यानं फक्त नोंदणी करायची. तिचं शुल्क वर्षाला शंभर रुपये होतं. २०२४ साली रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांसाठी तेही माफ झाल्याचं जाहीर झालं. नोंदणी म्हणजे ‘मी आहे, मी इथं अन्न शिजवतो’ असं सांगणं. त्याबरोबर येतं ते कर्तव्य : पिण्याजोगं पाणी, झाकलेलं अन्न, ताजं तेल, स्वच्छ हात, कचऱ्याचा डबा. घरगुती सिलिंडर गाडीला लावला तर तोही गुन्हाच. आमच्या मते ही कर्तव्यं विक्रेत्याच्या बाजूची आहेत. ज्याच्याकडे नोंद आहे त्याच्या अन्नाबद्दल प्रश्न विचारता येतो आणि त्याला उत्तरही देता येतं. ज्याची नोंदच नाही, त्याच्याबद्दल फक्त संशय घेता येतो.

तुम्ही म्हणाल, सर, मग अडचण कुठे आहे? अडचण यादीत आहे. २०१४च्या कायद्यानं हक्क दिला, पण त्या हक्काचं दार सर्वेक्षण नावाचं आहे. मुंबईत २०१४ साली सुमारे ९९ हजार अर्ज आले. दहा वर्षांनी, २०२४च्या ऑगस्टमध्ये, विक्रेत्यांचे प्रतिनिधी निवडायला मतदान झालं तेव्हा मतदार यादीत सुमारे ३२ हजार नावं होती. उरलेली माणसं काही शहर सोडून गेली नव्हती. ज्या दिवशी मोजणारा आला त्या दिवशी गाडी लागलेली नव्हती, कागद अपुरा होता, फिरता धंदा होता, अशा साध्या कारणांनीही माणूस यादीबाहेर राहू शकतो. आमच्या अक्का मोजणीच्या आठवड्यात लेकीच्या बाळंतपणाला शिरपूरला गेल्या होत्या. संपलं. पंधरा वर्षांच्या पावत्या एका बाजूला आणि तो एक आठवडा दुसऱ्या बाजूला.

जुनी नजरही लगेच जात नाही. १ जुलै २०२४ला नवी न्याय संहिता लागू झाली. त्याच दिवशी दिल्लीत रेल्वे स्थानकाजवळच्या एका विक्रेत्यावर वाटेत अडथळा केल्याचा गुन्हा नोंदवला गेला, तो पुढे मागे घेतला गेला. जुन्या कलम २८३ची जागा नव्या २८५नं घेतली आणि दंड दोनशेचा पाच हजारांपर्यंत झाला. १८६०चा रस्ता अजून जिवंत आहे.

आता एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला पाहिजे. पदपथ कुणाचा? आम्ही सत्तरी ओलांडलेली माणसं आहोत, गुडघे कुरकुरतात. पदपथ भरलेला असला की रस्त्यात उतरावं लागतं आणि मागून मोटारसायकल येते. शाळेच्या मुलांचा, आंधळ्या माणसाचा, रुग्णवाहिकेचा हक्क खोटा नाही. पण हा झगडा ‘हक्क विरुद्ध अतिक्रमण’ असा मांडला की सुटत नाही. तो दोन हक्कांमधला आहे, आणि दोन हक्कांमध्ये मोजमाप करावं लागतं : किती रुंदी चालायला, किती गाड्यांना, सकाळी कुणी, संध्याकाळी कुणी. कायद्यानं वेळ वाटून घेण्याची सोयही ठेवली आहे. हे मोजमाप ज्या समितीत व्हायचं, तिथं विक्रेता बसलेला हवा, पायी चालणाराही बसलेला हवा. समितीच नसेल, तर निर्णय जप्तीच्या गाडीवर होतो.

आणि टाळेबंदी आठवा. २०२०च्या त्या महिन्यांत लोटगाड्या थांबल्या तेव्हा कळलं की शहर कुणाच्या हातचं खात होतं. त्या वर्षी १ जूनला केंद्राची स्वनिधी योजना आली, पहिलं कर्ज दहा हजारांचं, विनातारण. सर्वेक्षणातून सुटलेल्यांनाही पालिकेच्या शिफारसपत्रावर ते मिळण्याची वाट ठेवली होती. म्हणजे राज्यानंच कबूल केलं की यादीबाहेरही खरी माणसं आहेत. कायद्यातही दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळात समितीला नवं प्रमाणपत्र देता येतं. वाट आहे, ती बहुतेकांना ठाऊक नसते.

अक्कांनी ती वाट धरली. त्या दिवशी गाडी आणि शेगडी परत मिळाली. पीठ आंबून गेलं होतं. ‘त्याच दिवशी परत’ असं कायदा म्हणतो, पण भज्यांच्या पिठाचा दिवस दुपारी बारालाच संपतो, हे कायदा लिहिणाऱ्याला कसं कळणार? ते समितीतल्या भजीवालीलाच कळणार. पुढे त्यांनी अन्ननोंदणी केली, समितीकडे अर्ज दिला, सोबत पावत्यांच्या नकला जोडल्या. आम्ही अर्ज लिहून दिला, एवढंच आमचं काम. पावती म्हणजे हक्क नव्हे, हे मान्य. पण अमुक तारखेला हे माणूस इथं उभं होतं, कमवत होतं आणि शहराला देत होतं, याची ती साक्ष आहे.

तेव्हा उद्या सकाळी पोहे खाताना एक प्रश्न विचारा. “भाऊ, मोजणीत नाव आहे का? प्रमाणपत्र मिळालं का?” नसेल तर अर्ज लिहायला मदत करा, आपल्यातल्या बहुतेकांना तेवढं येतं. आणि आपल्या नगरसेवकाला विचारा की समितीची बैठक शेवटची कधी झाली.

अक्कांच्या अर्जाचा निकाल हे बोलेपर्यंत लागलेला नाही. गाडी मात्र रोज लागते. पावतीही रोज फाटते, आणि त्या ती डब्यात ठेवतात.